दूरवाणीनगर: यंत्राची पारख

बंगळूर शहरातून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले म्हणजे काही मैलांवर कृष्णराजपुरम् हे ठिकाण लागते. लोक त्याला के. आर. पुरम असे आटोपशीर नाव देतात. येथील रेल्वे स्थानकाजवळचा तारांनी तोललेला पूल प्रवाशांच्या ओळखीचा आहे, आणि २०२३ सालापासून शहरी रेल्वेही येथवर येऊन पुढे व्हाइटफील्डकडे जाते. या गजबजाटाला लागूनच एक जुनी वसाहत आहे. रुंद रस्ते, मोठी झाडे, एकसारखी घरे, शाळा, आणि मधोमध एक विस्तीर्ण कारखाना. वसाहतीचे नाव दूरवाणीनगर. कन्नड भाषेत ‘दूरवाणी’ म्हणजे आपण ज्याला दूरध्वनी म्हणतो ते यंत्र. एखाद्या यंत्राच्या नावाने वसविलेले नगर आपल्या देशात विरळाच सापडेल.

आज आपण ज्यांना ‘गॅजेट’ म्हणतो अशी यंत्रे, म्हणजे भ्रमणध्वनी, लॅपटॉप, मनगटावरची बोलकी घड्याळे, आपल्या घरांतून इतकी झाली आहेत की त्यांची पारख कशी करावी व ती बिघडली असता दोष कसा शोधावा हा प्रत्येक कुटुंबापुढचा व्यावहारिक प्रश्न होऊन बसला आहे. परंतु हा प्रश्न आजचा नाही. विद्युत्शक्तीवर चालणारे, आतील रचना न कळणारे, आणि तरीही रोज हाताळावे लागणारे असे एक यंत्र मध्यमवर्गीयांच्या घरी आले ते दूरध्वनीच्या रूपाने; आणि स्वतंत्र भारतात ते यंत्र बनविण्याचे काम या दूरवाणीनगरने केले. म्हणून यंत्राची पारख कोणी करावी, बनविणाऱ्याने, विकत घेणाऱ्या सरकारने की वापरणाऱ्याने, या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा असेल तर येथूनच प्रारंभ करणे योग्य होय.

आपल्याकडे दूरध्वनी आला तो १८८२ साली. बेलने अमेरिकेत एकस्व मिळवून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही नगरांत विनिमय केंद्रे, म्हणजे आपण ज्यांना एक्स्चेंज म्हणतो ती, सुरू झाली. ती चालविली एका खाजगी विलायती कंपनीने. पुढे १९४३ साली सरकारने या मोठ्या शहरांतील दूरध्वनी कंपन्या आपल्या ताब्यात घेतल्या. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात मिळून दूरध्वनींची संख्या सुमारे ऐंशी हजार होती. आज एखाद्या तालुक्यात याहून अधिक भ्रमणध्वनी असतील. या ऐंशी हजारांतील यंत्रे, तारा, केंद्रांतील सामग्री बहुतांशी परदेशी होती. सुटा भाग मोडला तर बोटीची वाट पाहावयाची, अशी स्थिती होती.

या परावलंबनावर उपाय म्हणून १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना काढण्यात आला. लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन अँड इलेक्ट्रिक कंपनीशी तांत्रिक साहाय्याचा करार झाला, म्हैसूरच्या सरकारनेही भागीदारी पत्करली, आणि जानेवारी १९५० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली. स्वतंत्र भारतातील पहिला सार्वजनिक उद्योग म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. स्थळ म्हणून बंगळूर निवडले गेले यात नवल नव्हते. शिवनसमुद्राच्या धबधब्यावरील वीज या शहरास १९०५ पासून मिळत होती. १९०९ साली स्थापन झालेली विज्ञानसंस्था तेथे होती. १९४० साली विमानांचा कारखाना निघाला होता व त्यामुळे कुशल कारागीर तयार झाले होते. आणि हवा अशी की नाजूक जोडणीच्या कामात ना घाम आड यावा ना समुद्राचा खारा वारा. तारांची वेटोळी गुंडाळणे, बारीक भाग जुळविणे अशा कामांवर येथे आरंभापासून स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, ही त्या काळाच्या मानाने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट होय.

येथे बनलेले काळे, जड, फिरत्या तबकडीचे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याची रचना पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते: ते यंत्र आपला दोष स्वतःच सांगत असे. बोलण्याच्या बाजूला कोळशाच्या कणांनी भरलेली एक डबी असे. आवाजाने पडदा थरथरला की कण दाबले जात, विद्युत्प्रवाह कमीअधिक होई, आणि त्या चढउतारांतून पलीकडे शब्द उमटत. दमट हवेत हे कण एकमेकांस चिकटून बसत. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येई. अशा वेळी लोक यंत्राचा कान हातात धरून टेबलावर हलकेच आपटीत आणि आवाज मोकळा होई. शिकलेले लोक या रीतीला हसत; परंतु ती शास्त्रशुद्ध होती, कारण चिकटलेले कण त्या धक्क्याने सुटत. तबकडीचेही तसेच. ती परत फिरताना सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रवाह तोडून जोडीत असे. तेल सुकून ती मंदावली तर केंद्राला अंक चुकीचे कळत आणि नंबर भलतीकडे लागे. म्हणजे ‘राँग नंबर’ पुष्कळ वेळा मनुष्याच्या चुकीने न येता एका आळसावलेल्या स्प्रिंगमुळे येत असे.

केंद्रातील यंत्रणाही अशीच उघडी होती. तिला स्ट्रोजर पद्धती म्हणत. आल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतील अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ. केंद्रावरील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय आला, आणि तिची गरजच उरू नये म्हणून त्याने स्वयंचलित केंद्र शोधून काढले, अशी कथा सांगतात. १८९१ साली त्याला एकस्व मिळाले हे मात्र नोंदलेले आहे. ग्राहकाच्या तक्रारीतून इतके मोठे यंत्र जन्मास आल्याचे दुसरे उदाहरण आठवणे कठीण! भारतात पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ साली सिमल्यास झाले. या पद्धतीत तबकडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर केंद्रातील एक दांडी एकेक पायरी वर चढते व मग आडवी फिरते. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या, अशी शंभर संपर्कस्थाने. धूळ बसली, संपर्कबिंदू झिजले, की दोष निर्माण होई. परंतु तो डोळ्यांना दिसे, कानांना ऐकू येई, आणि मुख्य म्हणजे तो त्या एका दांडीपुरताच राही. अनुभवी यांत्रिक नुसत्या खडखडाटावरून कोणती दांडी आजारी आहे हे ओळखीत असत.

येथे दोष शोधण्याच्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तुमचा दूरध्वनी बंद पडला व शेजाऱ्याकडून तुम्ही १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदविली, की केंद्रातील परीक्षण-मेजावरचा मनुष्य प्रथम तुमची तार मोजून पाही. तार तुटली आहे, दोन तारा एकमेकींस लागल्या आहेत, की एखादी जमिनीला भिडली आहे, या तीन शक्यता तो जागेवरून न उठता वेगळ्या करी. मग दोष केंद्रात, रस्त्यातील केबलमध्ये की ग्राहकाच्या घरात, हे ठरे. मुंबईच्या पावसाळ्यात बहुधा केबलच गुन्हेगार निघे. कारण शिशाच्या वेष्टणाला चीर पडून आत पाणी शिरले की कागदाने गुंडाळलेल्या शेकडो तारा एकदम भिजत. एकाचे संभाषण दुसऱ्यास ऐकू येई, आणि आपण आपल्या बहिणीशी बोलत असता मध्येच एखादा अनोळखी दलाल कापसाचा भाव सांगू लागे. मोठा भाग निम्मा करीत जावयाचे, निर्दोष ठरलेला भाग बाजूला ठेवावयाचा आणि उरलेल्यात पुन्हा तसेच करावयाचे, ही दोषसंशोधनाची रीत आजही बदललेली नाही. संगणक दुरुस्त करणारा तरुण हेच करतो. फक्त त्याला परीक्षण-मेजाची गोष्ट कोणी सांगितलेली नसते.

आता या इतिहासातील कसोटीचा प्रसंग पाहू. स्ट्रोजर पद्धती जुनी झाली, तेव्हा १९६४ साली बेल्जियममधील अँटवर्पच्या बेल टेलिफोन कंपनीशी करार करून ‘पेंटाकोंटा क्रॉसबार’ ही नवी पद्धती दूरवाणीनगरात बनविण्याचे ठरले. कागदावर ती सर्व बाजूंनी सरस होती. झिजणारे भाग कमी, वेग अधिक, जागा थोडी. परंतु आपल्या शहरांत ती बसविल्यावर तक्रारींचा पाऊस पडू लागला. यंत्र वाईट होते काय? तसे म्हणता येणार नाही. युरोपात ते नीट चालत होते. कारागीर वाईट होते काय? तेही नाही. दोष होता तो गृहीत धरलेल्या गोष्टींत.

युरोपातील एका दूरध्वनीवर दिवसाकाठी जितकी बोलणी होतात त्यांच्या हिशेबाने हे केंद्र आखलेले होते. आपल्याकडे दूरध्वनी थोडे आणि बोलणारे फार. एक यंत्र एका घराचे नसून चाळीचे, दुकानाचे, कधी सबंध आळीचे असे. त्यामुळे प्रत्येक तारेवरचा भार अपेक्षेहून पुष्कळच अधिक झाला. शिवाय या पद्धतीत नंबर ऐकून घेण्याचे व वाट शोधण्याचे काम थोड्या सामाईक यंत्रांकडे असे. स्ट्रोजरमध्ये एक दांडी अडली तर एकाचे अडे. येथे सामाईक यंत्र अडले की साऱ्यांचे अडे. नंबर लागला नाही की मनुष्य काय करतो? पुन्हा फिरवितो. पुन्हा लागला नाही, पुन्हा फिरवितो. प्रत्येक अपयशी प्रयत्नाने सामाईक यंत्रांवरील भार वाढतो, आणि भार वाढला की अपयशही वाढते. असे हे दुष्टचक्र होते. त्यात भर धुळीची व उन्हाळ्याची. अखेर आपल्या परिस्थितीला अनुसरून या पद्धतीत फेरफार करावे लागले, व त्यातून भारतीय क्रॉसबार तयार झाली.

या प्रसंगाचा बोध असा की यंत्राचे गुणदोष केवळ यंत्रात नसतात. ते यंत्र आणि त्याचा वापर यांच्या सांध्यात असतात. प्रयोगशाळेतील परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले यंत्र वरातीच्या मांडवात नापास होऊ शकते. आजही एखादा लॅपटॉप थंड, स्वच्छ खोलीत तपासून त्याला चांगले गुण देणारे परीक्षक पुष्कळ आहेत. परंतु विदर्भातील मे महिन्यात, कमीजास्त होणाऱ्या विजेवर, पंख्याच्या जाळीत धूळ साचलेल्या अवस्थेत तो कसा वागतो, हे सांगणारा परीक्षक क्वचितच भेटतो. आणि ग्राहकाला हवे असते ते नेमके हेच.

हा बोध ज्यांनी मनावर घेतला, त्यांचेही उदाहरण याच प्रदेशात आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये ‘सी-डॉट’ ही संशोधनसंस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे. खेड्यांसाठी १२८ तारांचे एक छोटे केंद्र या संस्थेने तयार केले. ते करताना प्रश्नच उलट दिशेने विचारला गेला. खेड्यात वातानुकूलन नसणार, वीज जाणार, धूळ येणार, तज्ज्ञ यांत्रिक जवळ नसणार, हे सारे धरूनच यंत्र आखले पाहिजे. जुलै १९८६ मध्ये असे पहिले केंद्र कर्नाटकातील कित्तूर या गावी सुरू झाले. राणी चन्नम्माच्या या गावाने इंग्रजांचा प्रतिकार पाहिला होता. आता त्याने परदेशी गृहीतकांवर मिळविलेला हा शांत विजय पाहिला. दोष आला तर यांत्रिकाने आतले काही न दुरुस्त करता ते सबंध पान, म्हणजे ‘कार्ड’, काढून दुसरे घालावे अशी सोय त्यात होती. दुरुस्तीचे स्थान खेड्यातून कारखान्यात गेले, आणि दुरुस्तीची कला हातातून निसटू लागली, याचा आरंभही आपण येथेच धरावयास हवा. प्रत्येक सोयीची काही किंमत असते.

दूरवाणीनगरच्या या कथेची दुसरी बाजूही निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. कारखान्याचा ग्राहक एकच होता, तो म्हणजे सरकारचे खाते. यंत्र कारखान्याने बनवावे, खात्याने घ्यावे, आणि जनतेने वापरावे. बिघाड झाला तर खाते कारखान्याकडे बोट दाखवी, कारखाना देखभालीकडे, आणि दोघेही मिळून वापरणाऱ्याकडे. वापरणाऱ्याला मात्र कोणाकडेच बोट दाखविता येत नसे, कारण त्याला दुसरे यंत्र मिळण्याची शक्यताच नव्हती. मिळालेले यंत्र हेच त्याचे भाग्य होते. १९९१ च्या सुमारास देशात दूरध्वनी झाले होते पन्नास लाखांच्या घरात, आणि त्यासाठी रांगेत उभे होते सुमारे वीस लाख. माझ्या पिढीतील अनेकांना आठवत असेल, वडिलांनी अर्ज करावा आणि मुलाच्या लग्नपत्रिकेवर तो क्रमांक छापला जावा, अशी ती रांग होती. रांगेत उभा असलेला मनुष्य यंत्राची पारख करीत नसतो.

शासकीय सेवेत बरीच वर्षे काढल्यामुळे या गोष्टीची दुसरी कडही मला ठाऊक आहे. सरकार जेव्हा एखादे यंत्र विकत घेते, तेव्हा त्याचे वर्णन एका तपशील-पत्रकात लिहिले जाते. अमुक वेग, अमुक स्मृती, अमुक वजन. आणि या अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याची किंमत कमी त्याची निवड. या पद्धतीत प्रामाणिकपणा आहे, आणि तो मोठा गुण आहे. परंतु त्या पत्रकात सहसा न आढळणाऱ्या काही गोष्टी असतात: तीन वर्षांनी याची बॅटरी मिळेल काय, तिजागरी मोडली तर किती दिवसांत बसेल, कळफलकावर पाणी सांडले तर काय होईल. दप्तरात जे लिहिले जात नाही ते मोजले जात नाही. आणि जे मोजले जात नाही त्याची जबाबदारी कोणावर येत नाही. एकाच मोठ्या ग्राहकासाठी काम करणाऱ्या कारखान्याचा स्वभाव हळूहळू त्या पत्रकासारखा बनतो.

म्हणून दारे उघडली तेव्हा धक्का बसला. १९८४ साली ग्राहकांच्या घरी लागणारी यंत्रे बनविण्यास खाजगी उद्योगांना परवानगी मिळाली. १९९४ साली नवे दूरसंचार धोरण आले. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू व सुखराम यांच्यात देशातील पहिले भ्रमणध्वनी-संभाषण झाले. तबकडी गेली, तार गेली, आणि तारेबरोबर रांगही गेली. ज्या कारखान्याने देशाला बोलते केले, त्याचे स्वतःचे मात्र बोलणे खुंटले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याची गणना आजारी उद्योगांत झाली, आणि २०१४ साली सुमारे चार हजार दीडशे कोटी रुपयांची पुनरुज्जीवन योजना त्यासाठी संमत करावी लागली. हा केवळ एका कारखान्याच्या हिशेबाचा प्रश्न नव्हता. दूरवाणीनगरच्या घरांतून दोन दोन पिढ्या वाढल्या होत्या. ज्यांच्या बोटांत ते कौशल्य होते त्यांना त्याचे काय करावे हा प्रश्न पडला.

याच काळात दुसरे एक यंत्र लोकांच्या टेबलावर आले होते, ते म्हणजे व्यक्तिगत संगणक. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला छोटा संगणक बाजारात आणला, तेव्हा तिने एक उदार गोष्ट केली. त्याच्या अंतर्गत रचनेची आकृती व मूळ आज्ञावलीसुद्धा तिने पुस्तकरूपाने उपलब्ध केली. त्यामुळे जगात कोणालाही त्यात बसणारे भाग बनविता आले आणि कोणालाही तो दुरुस्त करता आला. नोव्हेंबर १९८४ मध्ये भारत सरकारचे नवे संगणक धोरण आले व सुटे भाग आणणे सुलभ झाले. मुंबईत लॅमिंग्टन रोड, ज्याला आता डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात, आणि बंगळुरात सदर पत्रप्पा रस्ता, अर्थात एस. पी. रोड, या दोन ठिकाणी जणू संगणकांची सुतारआळी उभी राहिली. पेटी एकाची, मदरबोर्ड दुसऱ्याचा, स्मृतीची पट्टी तिसऱ्याची, आणि जोडणारा हात चौथ्याचा. याला ‘असेंबल्ड’ संगणक म्हणत. त्याला हमीचा मोठा कागद नसे. परंतु जोडणारा मनुष्य समोर बसलेला असे, आणि ही हमी काही कमी मोलाची नव्हती.

त्या संगणकातही आपला दोष आपण सांगण्याचा जुना गुण होता. वीज देताच तो प्रथम स्वतःची तपासणी करी, आणि काही बिघडले असल्यास पडदा उजळण्यापूर्वीच शिटीचे काही ठोके देई. ठोक्यांची संख्या व लांबी यांवरून स्मृतीची पट्टी सैल आहे की चित्र दाखविणारे कार्ड, हे कळे. जाणकार काय करीत? पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने पुसून पुन्हा बसवीत, आणि मेलेला संगणक जिवंत होई. दूरध्वनीचा कान टेबलावर आपटण्याच्या जातीचाच हा उपाय. संपर्कबिंदूवरचा मळ काढणे हेच त्यातील मर्म. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर अनेक मदरबोर्डांवरील धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, फुगून फुटत होती. ज्यांनी पेटी उघडून पाहिली त्यांना त्या छोट्या डब्यांची फुगलेली डोकी दिसली आणि काही रुपयांत काम झाले. ज्यांनी उघडली नाही त्यांनी सबंध संगणक टाकून दिला.

बंगळुराने या क्षेत्रात एक धाडसही करून पाहिले. विज्ञानसंस्थेतील काही प्राध्यापक व एन्कोर या संस्थेतील अभियंते यांनी ‘सिंप्यूटर’ नावाचा हातात मावणारा, स्वस्त, भारतीय भाषांत बोलणारा संगणक आखला. शेतकऱ्याला व ग्रामसेवकाला तो उपयोगी पडावा अशी कल्पना होती. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो बाजारात आलाही. गुणांनी तो उणा नव्हता. परंतु थोड्या संख्येने बनणाऱ्या वस्तूची किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरत नाही तोवर संख्या वाढत नाही. तेवढ्यात भ्रमणध्वनी इतका स्वस्त झाला की सिंप्यूटरसाठी राखून ठेवलेली जागा त्यानेच पटकाविली. चांगले यंत्र हे यशाचे एक अंग आहे, सर्वांग नव्हे.

आणि आता या कथेचे सर्वांत अलीकडचे पान. २०२३ साली दूरवाणीनगरच्या त्याच कंपनीने, इंटेल कंपनीच्या सहकार्याने, ‘स्मॅश’ या नावाचा आपला लॅपटॉप व तळहाताएवढा संगणक जाहीर केला. केरळातील शाळांसाठी निघालेल्या निविदेत मोठमोठ्या परदेशी नाममुद्रांशी स्पर्धा करून तिने काम मिळविले. ज्या कंपनीने तबकडीचा दूरध्वनी घडविला, तिनेच पाऊणशे वर्षांनी संगणक आणावा, हा योग चिंतनीय आहे. कोणी म्हणेल, यातील मुख्य चिप तर परदेशी आहे. खरे आहे. १९४८ सालीही परदेशी तंत्रज्ञानाच्या करारानेच आरंभ झाला होता. खरा प्रश्न निराळा आहे. शाळेतील तो लॅपटॉप चौथ्या वर्षी बंद पडेल तेव्हा तो उघडून पाहणारा, दोष शोधणारा आणि भाग बदलणारा मनुष्य त्या तालुक्यात असेल काय? असला, तर तो संगणक आपला; नसला, तर त्यावर कोणतेही नाव कोरले तरी तो परकाच.

वापरणाऱ्याच्या हक्काविषयी बोलावयाचे तर महाराष्ट्राने येथे पुढाकार घेतला आहे. १९६६ साली मुंबईत काही गृहिणींनी एकत्र येऊन कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. या व अशाच प्रयत्नांची परिणती १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात झाली. परंतु दूरध्वनीचा ग्राहक त्याच्या छत्राखाली येतो की नाही याचा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. १८८५ च्या तार कायद्यात अशा तंट्यांसाठी लवादाची तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला. त्याच न्यायालयाने २०२२ साली, ग्राहकाला हे दार खुले आहे, असे स्पष्ट केले. म्हणजे बंद पडलेल्या यंत्राविषयी सामान्य न्यायपीठापुढे तक्रार मांडण्याचा निःसंदिग्ध अधिकार मिळेपर्यंत ते यंत्रच बहुतेक घरांतून नाहीसे झाले होते! २०२२ सालीच केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. उत्पादकाने सुटे भाग, माहितीपत्रके व आयुधे ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला उपलब्ध करून द्यावीत, ही त्यामागची कल्पना. आज अनेक यंत्रे डिंकाने अशी चिकटविलेली असतात की ती फोडल्याशिवाय उघडत नाहीत. बॅटरी बदलणे हे पूर्वी नखाने होणारे काम आता कारखान्यात पाठवावे लागते. या पार्श्वभूमीवर त्या समितीच्या कामाचे महत्त्व ध्यानात येईल.

तेव्हा नवे यंत्र घेताना सामान्य मनुष्याने काय पाहावे? वेग व स्मृतीचे आकडे पाहावेत, त्यांची तुलनाही करावी. परंतु दूरवाणीनगरच्या इतिहासाने शिकविलेले तीन प्रश्न त्याआधी विचारावेत. हे यंत्र कोणत्या हवेसाठी, कोणत्या विजेसाठी व कोणत्या वापरासाठी आखले आहे? ते बिघडेल तेव्हा आपला दोष मला किंवा माझ्या गावातील कारागिराला सांगेल काय? आणि त्याचा भाग मिळेल काय, व किती दिवस? ज्या विक्रेत्याला या प्रश्नांची उत्तरे देता येतील त्याच्याकडे चार पैसे अधिक पडले तरी ते वाया जात नाहीत.

आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची व यंत्रांची पूजा करण्याची रीत आहे. दूरवाणीनगरासारख्या कामगारवस्त्यांतूनही आयुधपूजा थाटाने होते. यंत्राला हळदकुंकू वाहण्याआधी आपण ते पुसतो, तेल घालतो, सैल झालेला स्क्रू आवळतो. त्या पूजेतील खरा विधी तोच असावा. यंत्रावर अवलंबून राहणे या युगात कोणालाही टळलेले नाही. परंतु यंत्र उघडून पाहण्याची जिज्ञासा, दोष शोधण्याची चिकाटी आणि दोषाबद्दल जाब विचारण्याचे धैर्य या तीन गोष्टी ज्या समाजात आहेत, तो समाज यंत्राचा धनी राहील. त्या नसतील, तर घरोघरी यंत्रे वाढतील आणि माणसे मात्र पुन्हा एका नव्या, न दिसणाऱ्या रांगेत उभी असतील.